मक्याच्या ताटांआडचा डोळा

गेल्या महिन्याच्या सदरात गुलामगिरीचा विषय मुलांपुढे मांडणाऱ्या शब्दविरहित चित्रपुस्तकांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या ग्रंथालयातून हेन्री कोल यांचे ‘अनस्पोकन’ हे पुस्तक घेऊन आला. आम्ही रोज रात्री त्याला मराठीतून गोष्ट वाचून दाखवतो. पण या पुस्तकात वाचण्याजोगे एकही वाक्य नाही. पहिल्याच पानावर मी अमेरिकेतील यादवी युद्धाची माहिती सांगायला लागले आणि तिसऱ्या पानापर्यंत त्याला झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, “त्या मुलीने घरच्यांपासून लपवले, म्हणजे ती खोटे बोलली ना?” मला उत्तर सुचले नाही.
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ज्यांनी हे पुस्तक पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. ते २०१२ साली निघाले आणि त्यातील सगळी चित्रे पेन्सिलीची आहेत. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धाच्या काळातील एक शेतकरी मुलगी खळ्यातील कोठारात जाते, तेव्हा तिथे उभ्या करून ठेवलेल्या मक्याच्या वाळक्या ताटांमागे काहीतरी हलते आणि तिला त्या ताटांच्या फटीतून एक डोळा दिसतो. तो गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसाचा डोळा आहे. मुलगी घाबरून पळते, पण नंतर फडक्यात खायला बांधून परत येते. पुढे पळालेल्यांना पकडून देऊन बक्षीस मिळवणारे लोक छापील जाहिरात घेऊन दारात उभे राहतात आणि मुलगी गप्प राहते. शेवटी ताटांमागची जागा रिकामी असते आणि तिच्यासाठी तिथे मक्याच्या सालींची एक बाहुली ठेवलेली असते.

आपले चुकले ते एवढेच, की आपण पुस्तकाच्या आधी बोललात. असे पुस्तक पहिल्यांदा कोणीही काही न बोलता पाहावे. पान उलटणे मुलाच्या हाती द्यावे आणि तो एखाद्या पानावर पाच मिनिटे थांबला तर आपणही थांबावे. दुसऱ्यांदा पाहताना “तुला इथे काय दिसते?” एवढेच विचारावे, आणि त्याने “डोळा दिसतो” म्हटले की “तो डोळा कोणाकडे पाहतो आहे?” इतकेच पुढे जावे. माहिती तिसऱ्या वेळेला सांगावी, कारण तोवर ती माहिती कुठे ठेवायची याची जागा मुलाच्या मनात तयार झालेली असते. आपल्यासारख्या घराला इथे एक मोठी सोय आहे: पुस्तकाला कोणतीच भाषा नसल्यामुळे आपला मुलगा ही गोष्ट सरळ मराठीत रचू शकतो, त्यासाठी त्याला मनातल्या मनात भाषांतर करावे लागत नाही.

आता खोटे बोलण्याविषयी. मुलाला सांगा, की ती मुलगी खोटे बोलत नाही, ती गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याची किंमत काय होती हेही सांगा. १८५० च्या संघीय कायद्यानुसार पळून आलेल्या माणसाला आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती, आणि हा कायदा गुलामगिरी बंद केलेल्या उत्तरेकडील राज्यांतही लागू होता. आठ वर्षांच्या मुलाला “कायदाच चुकीचा होता” हे वाक्य समजते, ते त्याच्यापासून राखून ठेवण्याचे काही कारण नाही. त्या घरात एक शब्द चुकून तोंडातून निघाला असता तर एका माणसाला पुन्हा साखळ्या पडल्या असत्या. म्हणून या पुस्तकात शब्द नसणे हे मला चित्रकाराने केलेले कौशल्याचे प्रदर्शन वाटत नाही. त्या घरातली ती शांतता वाचकालाही पाळावी लागते.

आपण राहता त्या राज्याविषयीही त्याला एक गोष्ट सांगावी असे मला वाटते. गुलामगिरी म्हणजे फक्त दक्षिणेची गोष्ट, असे मुले पटकन धरून चालतात. न्यू जर्सीने १८०४ साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला खरा, पण १८६० च्या जनगणनेतही तेथे ‘आजन्म उमेदवार’, म्हणजे जन्मभराचे शिकाऊ कामगार, या गोंडस नावाखाली अठरा माणसे बंधनात नोंदलेली होती, आणि डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती झाली तेव्हाच तेथील गुलामगिरी कायद्याने पूर्ण संपली.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात मी अशी दोन-तीन पुस्तके मागवली. पालक म्हणतात, “यात वाचायचे काय? पोरगं दोन मिनिटांत संपवतं. पैसे फुकट गेले.” त्यांना काय सांगावे?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : त्यांना सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींची आठवण करून द्यावी. ठाकर समाजातील हे कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक हातात धरून, वाद्यांच्या साथीने कथा सांगत आले आहेत. चित्र तेच, पण कथा त्या दिवशी सांगणाऱ्याच्या तोंडून नव्याने निघते. शब्दविरहित पुस्तकातही सांगणारा लागतोच, आणि तो सांगणारा मूल असू शकते किंवा जिला अक्षरओळख नाही अशी आजीही असू शकते. नातवंडाला मांडीवर घेऊन जिने आजवर छापील पुस्तक बाजूला सारले असेल, तिच्या हातात हे पुस्तक एकदा देऊन पाहा.

या विषयाच्या बाबतीत तर त्याला आणखी एक अर्थ आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामगिरीतील माणसांना लिहिणे-वाचणे शिकवण्यावर कायद्याने बंदी होती. दक्षिण कॅरोलायनात लिहायला शिकवण्याला मनाई करणारा कायदा १७४० साली झाला आणि व्हर्जिनियात वाचन-लेखन शिकण्यासाठी त्यांनी एकत्र जमण्याला १८३१ च्या कायद्याने बेकायदा ठरवले. ज्यांच्यापासून अक्षर हिरावून घेतले त्यांची गोष्ट अक्षरांवाचून कळते, हे पालकांना सांगितले तर मला वाटते त्यांनाही ते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटेल.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला “ही गुलामांची गोष्ट आहे” असे सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे पत्त्यांतला? राजा, राणी आणि गुलाम?” मी हसले, पण नंतर लक्षात आले, की तिला हा शब्द समजावून सांगणे मला जमलेले नाही.
— एक पालक, पुणे

उत्तर : तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. आपल्या भाषेने हा शब्द इतका गुळगुळीत केला आहे, की त्याचा काटा बोटाला लागतच नाही. पत्त्यांत गुलाम राणीच्या खालोखाल, सजून उभा असतो. ‘सवयीचा गुलाम’ म्हणताना आपण एखाद्याच्या चहाविषयी बोलत असतो. ‘दास’ म्हणावे तर तो शब्द संतांच्या नावात आहे आणि तेथे तो स्वखुशीने, प्रेमाने घेतलेला आहे. ‘नोकर’ म्हणावे तर नोकराला पगार मिळतो आणि तो नोकरी सोडून जाऊ शकतो.

म्हणून मी लहान मुलांशी बोलताना नामाऐवजी वाक्य वापरते: “ज्या माणसांना दुसऱ्या माणसांनी विकत घेतले होते.” हे वाक्य ऐकले की मूल हमखास विचारते, “माणसे विकत कशी घेतात?” आणि तेथून खरे बोलणे सुरू होते. त्यांना मजुरी मिळत नसे, ती निघून जाऊ शकत नसत, त्यांचे मूल जन्मतःच आईच्या मालकाचे होई, आणि त्या मुलाला आईपासून तोडून विकण्याची मालकाला मुभा होती, या चार गोष्टी सात वर्षांच्या मुलीला सांगता येतात. चौथी गोष्ट ऐकून ती कदाचित आपल्याला बिलगेल. बिलगू द्यावे, पण ती गोष्ट गाळू नये, कारण गुलामगिरी म्हणजे फार कष्टाचे काम एवढीच मुलांची समजूत झाली तर तिच्यातील सर्वांत मोठी क्रूरता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि शक्य तेथे “तो गुलाम होता” ऐवजी “त्याला गुलाम करून ठेवले होते” असे म्हणावे. एवढ्या फरकाने हे कोणीतरी केले होते ही गोष्ट वाक्यात येते.

प्रश्न : टॉम फीलिंग्ज यांचे ‘द मिडल पॅसेज’ हेही शब्दविरहित चित्रपुस्तक आहे, म्हणून मी ते चौथीच्या वर्गासाठी मागवले. उघडून पाहिल्यावर मला स्वतःलाच रात्री झोप लागली नाही. ते मुलांना दाखवावे का?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : चौथीच्या वर्गाला दाखवू नये. शब्द नाहीत म्हणजे पुस्तक लहान मुलांचे, ही समजूत या पुस्तकाच्या बाबतीत अगदीच चुकीची ठरते. मला विचाराल तर नववी-दहावीच्या आधी ते मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये, आणि त्यानंतरही कोणीतरी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे.

फीलिंग्ज हे न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधील कृष्णवर्णीय चित्रकार. १९६० च्या दशकात ते घानात राहून काम करत होते, तेव्हा एका घानावासी मित्राने त्यांना विचारले, की इथून नेल्यावर तुम्हा लोकांचे पुढे काय झाले? त्या प्रश्नाचे उत्तर चित्रांतून द्यायला त्यांना सुमारे वीस वर्षे लागली आणि १९९५ साली चौसष्ट चित्रांचे हे पुस्तक प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वर्षी त्याला चित्रकारासाठीचा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार मिळाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागेपर्यंतचा प्रवास त्यात आहे आणि जहाजाच्या तळघरात शेजारी शेजारी निजवून साखळीने जखडलेली माणसे त्यांनी करड्या आणि काळ्या छटांत अशी काढली आहेत, की पान उलटताना हात जड होतो.

इतिहासकारांच्या अंदाजानुसार या गुलामांच्या व्यापाराच्या साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबले गेले आणि सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली. यातली वजाबाकी समुद्रात राहिली. हे आकडे मोठ्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवावेत, आणि त्यानंतर काही न बोलता त्या पुस्तकातील एकच चित्र दाखवावे. चौसष्टच्या चौसष्ट चित्रे एका तासात दाखवली तर मुलांची नजर बधिर होते. मी एकदा मोठ्या मुलांच्या गटात ती चूक केली आहे आणि शेवटच्या पानांवर मुले घड्याळाकडे पाहू लागलेली मला दिसली.

आणखी एक विनंती. वर्गात मुलांना बाकांखाली निजवून “जहाजात कसे वाटले असेल ते अनुभवा” असे खेळ कोणी करू नयेत. अमेरिकेतील शाळांत असे प्रयोग झाले आणि त्यांवर पालकांनी तीव्र आक्षेप घेतले, ते रास्तच होते. दहा मिनिटांनी जे मूल उठून डबा खायला जाणार आहे, त्याला त्या वेदनेचा अनुभव मिळत नाही, फक्त मिळाल्याचा भास होतो.

प्रश्न : या पुस्तकांतील गोधडीविषयी विचारायचे आहे. कुंपणावर ठरावीक नक्षीची गोधडी वाळत घातली, की पळून जाणाऱ्यांना ती खूण असे, असे वाचले. हे खरे आहे का?
— गोधड्या शिवणाऱ्या एक वाचक, वाई

उत्तर : गोष्ट सुंदर आहे, पण तिला त्या काळचा लेखी पुरावा सापडलेला नाही. पळून गेलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या हकिकतींत गोधड्यांच्या सांकेतिक भाषेचा उल्लेख नाही, आणि ही कल्पना १९९९ मध्ये निघालेल्या एका पुस्तकानंतर सर्वदूर पसरली. मुलांना ती ‘लोक असे सांगतात’ म्हणून सांगावी. ध्रुवताऱ्याची गोष्ट मात्र निःशंक सांगावी: रात्री चालणाऱ्यांना उत्तर दिशा त्याच्यावरून कळत असे, आणि स्वतः गुलामगिरीतून निसटलेले लेखक-वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ मध्ये काढलेल्या वृत्तपत्राचे नावही ‘द नॉर्थ स्टार’ होते. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव कसा शोधायचा, हे वाईच्या गच्चीवरूनही दाखवता येईल.

प्रश्न : ‘अनस्पोकन’ पाहून मी अस्वस्थ झालो, पण वेगळ्या कारणाने. संपूर्ण पुस्तकात गोऱ्या मुलीचा चेहरा पानोपानी दिसतो आणि ज्याची ही गोष्ट आहे त्या माणसाचा फक्त एक डोळा. दयाळू गोऱ्यांनी बिचाऱ्या काळ्यांना वाचवले, एवढेच मुले यातून शिकणार नाहीत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे आणि आलेल्या पत्रांतील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला वाटतो. पुस्तकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की ते त्या मुलीच्या नजरेतून सांगितलेले आहे आणि तिला खरोखर तेवढेच दिसले असते. शिवाय शेवटची बाहुली ही लपलेल्या माणसाने केलेली वस्तू आहे, म्हणजे तोही काही देऊन जातो. पण मुलाने हे एकच पुस्तक पाहिले आणि ते तेथेच थांबले, तर गुलामगिरीतील माणूस त्याच्या मनात एक मुका, घाबरलेला डोळा होऊन राहील. ती माणसे मुकी नव्हती. त्यांनी लिहिले, भाषणे केली, वृत्तपत्रे चालवली.

म्हणून हे पुस्तक मिटल्यावर मी मुलांना दोन खऱ्या माणसांच्या हकिकती सांगते, आणि त्या याच पुस्तकाच्या दोन चित्रांना उलट बाजूने जोडते.

पहिले चित्र डोळ्याचे. नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन गावात हॅरिएट जेकब्ज नावाची एक बाई मालकाच्या छळातून सुटण्यासाठी १८३५ मध्ये स्वतःच्या आजीच्या घरी, एका पडवीच्या छपराखालच्या माळ्यावर लपली. तो माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट उंच होता, म्हणजे तेथे उभे राहणे तर सोडाच, धड बसताही येत नव्हते. उंदीर अंगावरून धावत, उन्हाळ्यात छप्पर तापे. तिला तेथे एक गिरमिट सापडले आणि त्याने तिने फळीला भोके पाडून साधारण इंचभराची एक फट केली. त्या फटीतून तिला खाली खेळणारी स्वतःची मुले दिसत, पण आई तेथेच डोक्यावर आहे हे त्या मुलांना कळू द्यायचे नव्हते. ती जवळजवळ सात वर्षे तेथे राहिली, १८४२ मध्ये उत्तरेकडे निसटली आणि १८६१ मध्ये तिने आपली हकीकत स्वतः लिहून प्रसिद्ध केली. हे ऐकल्यावर मुलांना ताटांमागचा डोळा परत दाखवा. तो आता नुसता पाहिला जाणारा डोळा राहत नाही. त्याच्या मागे पाहणारे, हिशेब करणारे, वाट बघणारे एक माणूस आहे हे मुलांना आपोआप कळते, एका मुलीने मला विचारले होते, “त्याला पण मुलगी असेल का?”

दुसरे चित्र भाकरीचे. पुस्तकात मुलगी लपलेल्या माणसाला खायला नेऊन देते. फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरमध्ये होते तेव्हा याच्या उलट घडले. घरच्या मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली होती, पण नवऱ्याने तिला तंबी देऊन ते बंद पाडले. मग हा मुलगा निरोपाला बाहेर पडताना पुस्तक आणि घरातले ब्रेडचे तुकडे बरोबर घेऊ लागला. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना भूक लागलेली असे. त्यांना तो ब्रेड देई आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिके. खाणे देणारा येथे गुलामगिरीतला मुलगा आहे, आणि त्याला हवे ते मिळवण्याची युक्तीही त्याचीच आहे.

हॅरिएट टबमन यांचे नाव मुलांना बहुधा माहीत असते, म्हणून विस्तार करत नाही; १८४९ मध्ये स्वतः गुलामगिरीतून सुटल्यावर त्या सुमारे तेरा वेळा परत गेल्या आणि सत्तरच्या आसपास माणसांना बाहेर घेऊन आल्या. पळून जाणाऱ्यांना वाटेत लपवणाऱ्या, पुढच्या ठिकाणी पोचवणाऱ्या या जाळ्याला ‘भुयारी रेल्वे’ म्हणत. त्यात भुयार नव्हते, रूळही नव्हते. ‘स्टेशन’ म्हणजे आसऱ्याचे घर आणि ‘कंडक्टर’ म्हणजे वाटाड्या, असे ते बोलण्याचे संकेत होते. त्या वाटाड्यांत आणि घर उघडणाऱ्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसे मोठ्या संख्येने होती, आणि आपला आक्षेप लक्षात घेता हे वाक्य मुलांना सांगायला विसरू नये.

प्रश्न : हा सगळा अमेरिकेचा इतिहास झाला. आपल्या मुलांना आपल्याकडचे विषय थोडे आहेत का, की ही पुस्तके आणून दाखवावीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले पत्र नाशिकहून आले याचे मला विशेष वाटले, कारण उत्तर आपल्या शहरातच आहे. शरणपूर रोडवरून आपण अनेकदा गेला असाल. एकोणिसाव्या शतकात त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत आफ्रिकी मुलांचा आश्रम होता. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी जहाजे ब्रिटिश आरमार अडवत असे आणि त्यांतून सोडवलेल्या मुलांपैकी काही मुंबईमार्गे नाशिकला आणली जात. तेथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा तरुण १८७२ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तुकडीत सामील होण्यासाठी आफ्रिकेत गेला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने पायी वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या दफनविधीलाही तो हजर होता. पूर्व आफ्रिकेत पकडलेला, समुद्रात सुटलेला, नाशकात शिकलेला हा मुलगा. त्याच्यावर एक शब्दविरहित पुस्तक कोणी मराठी चित्रकाराने काढावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

त्याच १८७३ साली महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी झीज सोसली, त्यांना फुल्यांनी ती अर्पण केली आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. आठ वर्षांपूर्वी संपलेली दूरदेशीची गुलामगिरी पुण्यात बसलेल्या फुल्यांना परकी वाटली नाही. ते पुस्तकही धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडते, हे या सदराच्या वाचकांना सांगायला मला आनंद वाटतो.

आणि आपल्याकडचा विषय म्हणाल तर तोही टाळू नये. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी किमतींसह आहेत. गोव्यात पोर्तुगीजांनी मोझांबिकहून माणसे विकायला आणली. १८४३ च्या पाचव्या कायद्याने येथील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले. मलिक अंबर हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, विकला जात जात दख्खनेत पोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्याला गुलाम म्हणून विकले होते, हे आपण सांगताना घाईने ओलांडतो.

प्रश्न : मावशी, आमच्या शाळेत बाईंनी ते मक्याच्या बाहुलीचे पुस्तक दाखवले. पण त्या लपलेल्या माणसाचे पुढे काय झाले ते त्यात नाही. तो पोचला का?
— नऊ वर्षांचा वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुझा प्रश्न मलाही पडला होता. चित्रकाराने ते दाखवलेले नाही, म्हणून मी तुला खऱ्या माणसांचे काय झाले ते सांगते. काही जण कॅनडापर्यंत पोचले. तिथे इंग्रजांचे राज्य होते आणि त्यांच्या राज्यात १८३४ पासून गुलामगिरी बंद झाली होती. काही जण वाटेत पकडले गेले. अँथनी बर्न्स नावाचा एक तरुण बॉस्टन शहरापर्यंत पोचला होता, तरी १८५४ मध्ये त्याला पकडून परत नेले. त्याला नेताना रस्त्यांवर हजारो लोक विरोध करायला उभे होते. पुढच्या वर्षी लोकांनी पैसे जमवून त्याची सुटका केली, तो शिकला आणि शेवटी कॅनडात जाऊन धर्मोपदेशक झाला. आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर, जी सुमारे चाळीस लाख माणसे गुलामगिरीत होती, ती सगळी कायद्याने मोकळी झाली.

मोकळी झाल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळांनी एक काम केले. लहानपणी ज्यांच्यापासून त्यांना तोडले होते, ती आपली माणसे ते शोधू लागले. न्यू ऑर्लिन्स शहरातील एका वृत्तपत्रात १८७९ पासून ‘हरवलेले सोबती’ अशा अर्थाच्या नावाचे एक सदर येत असे. तेही या सदरासारखे वाचकांच्या पत्रांचेच होते. वर्गणीदार नसलेल्यांना पत्र छापायला पन्नास सेंट पडत, आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना ती पत्रे मोठ्याने वाचून दाखवा, असे वृत्तपत्र धर्मोपदेशकांना सांगत असे, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. त्या पत्रांत लोक आईचे नाव लिहीत, भावंडांची नावे लिहीत, त्यांना कोणी आणि कुठे विकले ते लिहीत, आणि शेवटी आपला पत्ता देत.